सोलोच्या आधीची हाक

"आधी याला माझ्यासमोरून उठव, मग मी बोलतो," डेल्बर्ट प्रुइट क्लेटनला म्हणाला.

"खुर्ची तुझ्या बापाची नाही," हॉइट म्हणाला.

दोघांचा बाप एकच होता, पण याची आठवण करून द्यायची ती वेळ नव्हती. जुन्या रॉकाबिली गाण्यांच्या रेकॉर्डी नव्याने काढणं हा क्लेटनचा धंदा, आणि त्यासाठीच तो आर्कान्सातल्या या गावी आला होता.

सत्तावन्न साली या भावांनी मेम्फिसला जाऊन एकच रेकॉर्ड केली होती. डेल्बर्टची गिटार, हॉइटचा जाड तारांचा उभा बास आणि एक कोवळा, खरखरीत आवाज. त्या आवाजावर आज शौकीन जीव टाकत होते. जुन्या लेबलवर नुसतं 'प्रुइट ब्रदर्स' होतं. नव्या कव्हरवर गायकाचं नाव आणि फोटो हवा होता. आणि गायक मीच, असं दोघंही छातीठोक सांगत होते. या एका गोष्टीपायी ते आईच्या दफनालाही एकमेकांशी बोलले नव्हते.

थोरली बहीण व्हर्ना मक्याचा पाव कापत होती. तिच्याच स्वयंपाकघरात हा तमाशा चालला होता, त्यामुळे सुरी जरा जोरातच आपटत होती.

"तेव्हा माझा आवाज फुटला नव्हता," डेल्बर्ट म्हणाला. "ऐकलं की कळतंच."

"तुझी अक्कल अजून फुटायची आहे. गिटारचे सूर लावायला अर्धा दिवस घ्यायचास, म्हणे गात होता!"

"आणि तू? बास बडवण्यापलीकडे काय येत होतं तुला?"

"रेकॉर्ड आली तेव्हा बाबांनी पट्ट्याने सोलून काढलं मला! गाणाऱ्यालाच जास्त पडले. विचार ताईला!"

"मला नका मध्ये ओढू," व्हर्ना म्हणाली. "मी गाडी चालवली."

तिचा आवाज लहानपणापासूनच भरड. चर्चमध्ये तिला मुलग्यांच्या रांगेत उभं करायचे. बाबा त्याच चर्चचे पाद्री, सैतानाच्या संगीतावर दर रविवारी आग ओकणारे. पण त्या दिवशी व्हर्नाला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. गाडीच तर चालवली होती तिने.

क्लेटनने पिशवीतून कोरं पांढरं लेबल असलेली रेकॉर्ड काढली.

"भांडू नका. मला मूळ टेप मिळाली आहे. ही त्यावरून काढलेली नमुन्याची प्रत. ज्यूकबॉक्समध्ये वाजवायला गाणं लांब होतं म्हणून तेव्हा मधले सोलो, नुसत्या वाद्यांचे तुकडे, कापले होते. यात ते आहेत. आणि सोलो आला की गाणारा काय करायचा?"

त्याने स्वतःच उत्तर दिलं.

"वाजवणाऱ्याला नावाने हाक मारायचा. डेल्बर्टला हाक असेल तर गायले हॉइट. हॉइटला असेल तर डेल्बर्ट. मी मुद्दाम अजून ऐकलेली नाही. म्हटलं, तुमच्यासमोरच ऐकू."

डेल्बर्टने घसा खाकरला. "कशाला उगाच? दोघांची नावं टाक."

"फोटोही दोघांचा टाक," हॉइट घाईने म्हणाला. "भाऊ आहोत शेवटी."

आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. क्लेटनला भरून आलं. मिटलं एकदाचं, असं वाटून तो रेकॉर्ड पिशवीत ठेवू लागला.

व्हर्नाने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि कोपऱ्यातल्या प्लेअरवर लावली.

"ताई, राहू दे ना," डेल्बर्ट म्हणाला.

"इतकी वर्षं तुमची कटकट ऐकली. आता हे ऐकते."

गाणं सुरू झालं. दोन कडवी झाली, आणि तो कोवळा आवाज ओरडला, "वाजव, डेल्बर्ट!"

गिटार सुटली. डेल्बर्टने मान खाली घातली. क्लेटनने हसत हॉइटपुढे हात केला. "अभिनंदन, सर."

हॉइटने तो हात झिडकारला. "बंद कर ते!" असं म्हणत तो प्लेअरकडे धावला. व्हर्ना सुरी घेऊनच आडवी उभी राहिली.

गिटार थांबली. रेकॉर्डमधल्या आवाजाने दम घेतला. व्हर्नानेही घेतला.

"आता तू, हॉइट!" दोघी एकदमच ओरडल्या.