कुंडीतला कंद

“हातात काय आहे?” बाईंनी खुरपं उगारूनच विचारलं.

नवऱ्याने मूठ पाठीमागे नेली. पण मुद्देमालासकट सापडल्यावर लपवणार काय?

“कंद आहे,” तो म्हणाला. “दुर्मिळ. हा बघ, कोंबसुद्धा फुटलाय.”

तळहातावर बोटाएवढा तांबूस कोष होता. कपाच्या कानासारखी वळलेली सोंड बाहेर आलेली. रताळ्याच्या वेलाखाली मातीत सापडला होता. शेपटीवर शिंग मिरवणाऱ्या जाडजूड अळ्यांनी गेल्याच महिन्यात तो वेल अर्धा फस्त केला होता. अळी दिसली की बाई तिला साबणाच्या पाण्यात बुडवत. दयामाया नाही.

नवऱ्याचा जीव मात्र त्या कोषात अडकला. बत्तीस वर्षं संग्रहालयात त्याने टाचणीने टोचलेल्या पतंगांच्या पेट्या सांभाळल्या होत्या. नावं तोंडपाठ. पण कोषातून पतंग निघताना एकदाही पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर एवढं तरी बघायचंच होतं.

“कंद का? बरं,” म्हणत बाईंनी कुंडी आणली, भुसभुशीत माती भरली. कडेला एक खरबरीत काठी रोवली. “पाणी बेतानं घाला. कुजेल.”

बाईंनी कुंडी उकरली तर बिंग फुटेल, या धास्तीने तो रोज संध्याकाळी चहा घेऊन कुंडीशेजारीच बसू लागला. बाईही आपला कप घेऊन येऊ लागल्या. संसारात पहिल्यांदाच त्यांना बागेत सोबत मिळाली होती. गप्पा रंगायच्या. त्याचा एक डोळा कुंडीवर.

अठराव्या दिवशी उन्हं कलताना माती हलली. काहीतरी ओलं, चुरगळलेलं धडपडत वर आलं, काठीवर चढलं आणि लटकून राहिलं. हळूहळू पंख उलगडले. सालीसारखे राखाडी. पोटावर गुलाबी पट्टे. पेटीतल्या पतंगांचा हा गुलाबी रंग केव्हाच उडालेला असायचा. त्याचे डोळे भरून आले. मग बायको शेजारीच आहे हे आठवलं आणि त्याने कान पकडले.

“चुकलो. कंद नव्हता गं तो.”

“अहो, कोंब वर यायच्या आत कुणी काठी रोवतं का?” बाई म्हणाल्या. “पंख वाळवायला त्याला चढायला नको?”

अंधारून आलं तसा पतंग थरथरला आणि पांढऱ्या फुलांकडे उडाला. बाईंनी रिकामे कप उचलले.

“वेलाखाली आणखी दोन कंद झाकून ठेवलेत मी. उद्या याल ना चहाला?”