भिंगारचं परीक्षक मंडळ

वीज गेली, गाणं मध्येच तुटलं, तरी पप्पांचं बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरून चालूच होतं.

एडविनला आधी हसू आलं. डिसेंबरची दुपार, पंखा बंद, दिवा बंद. वीज गेल्याची खूण एवढीच, की स्पीकर मुका झाला होता. त्याच्या स्वतःच्या डोक्यात गाणं अजून चालू होतं आणि पाय हलत होता. त्याने पाय थांबवला. पप्पांचं बोट थांबलं.

त्याने पुन्हा पाय हलवला, मुद्दाम, भलत्याच तालात. बोट त्या भलत्या तालात चालू लागलं. आता मात्र त्याचं हसू मावळलं.

"ड्रमवाला जरा पुढं पळतोय," पप्पा म्हणाले. "पन चांगलंय. देऊन टाकू ह्यांनाच."

भिंगारच्या त्या दोन खोल्यांत दर डिसेंबरला परीक्षक मंडळ बसायचं. मंडळात माणसं दोनच. एक एडविन, छोट्या स्वतंत्र बँडांच्या इंडी रॉकवर जीव टाकणारा आणि वर्षभर नव्या अल्बमांवर मोबाईलवरून व्हिडिओ करणारा. दुसरे त्याचे वडील डेव्हिड, चर्चच्या क्वायरला सूर शिकवण्यात ज्यांचं अर्धं आयुष्य गेलं. मुंबईतले मोठे पुरस्कार जाहीर झाले, की मग यांचा निकाल. नियम एकच: दोघांचं एकमत झालं तरच बक्षीस. त्यामुळे ते आजवर कुणालाच मिळालं नव्हतं. पप्पांना कुणाचा गळा कच्चा वाटायचा, कुणाची गिटार बेसूर, आणि व्हिडिओ बघणाऱ्यांना खरी मजा त्या भांडणाचीच यायची.

यंदा मात्र पप्पा प्रत्येक अल्बमला एडविनची री ओढत आले होते. शेवटी म्हाताऱ्याला गोडी लागली, म्हणून एडविन नुसता फुलला होता. आपण किती गाढव आहोत, हे त्याला आत्ता कळत होतं. ईस्टरनंतर पप्पांनी क्वायर सोडली, ती म्हणे गुडघ्यामुळे. बसून हार्मोनियम वाजवायला गुडघा कुठं लागतो, हे त्याने तेव्हा विचारलंसुद्धा नव्हतं.

तो उठून पप्पांच्या पुढ्यात उकिडवा बसला.

"पप्पा, वीज गेलीय."

पप्पांनी त्याच्या ओठांकडे बघितलं, मग स्पीकरकडे. बोट मुठीत घेतलं.

"कधी?"

"मघाशीच."

पप्पांनी मूठ गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "समोर बसून बोललेलं कळतं. गानं न्हाई कळत. नुसती घरघर येती. क्वायर गेली, तुला सांगितलं असतं तर हे बी गेलं असतं."

एडविनला त्यांचा राग आला, आणि त्यांना मिठी मारावी असंही वाटलं. दोन्हीतलं काहीच त्याला जमलं नाही. "उद्या कानाच्या डॉक्टरकडं जाऊ," एवढंच तो म्हणाला.

"जाऊ. पन पुढच्या वर्षाला दुसरा परीक्षक बघ. कान असलेला."

"मग वर्षभर मतं कुणाची देत होता?"

"तुझीच. तू म्हनायचास त्याला मी हो म्हनायचो." पप्पा ओशाळून हसले. "पन एक सांगू का? तू म्हनतोस ते येगळं, आनि तुझं अंग म्हनतं ते येगळं. इतकी वर्षं क्वायर हाकली. कोन मनापासून गातंय आनि कोन नुसतं तोंड हलवतंय, ते मला बघूनच कळतं."

"म्हणजे?"

"आत्ता तू लावलेल्या ह्या 'काचेची गच्ची'वाल्यांना मुंबईचं मोठं बक्षीस मिळालं, म्हनून तू पाय हलवतोस. पाहुन्यांपुढं हसल्यासारखा हलतोय तो पाय."

एडविनने आपल्या पायाकडे बघितलं. सगळ्या मित्रांनी त्या अल्बमवर जीव ओवाळून टाकला होता, म्हणून त्यानेही टाकला होता. पण काल तो ऐकताना आपण मोबाईल चाळत बसलो होतो, हे त्याला आठवलं.

"आनि ती श्रीगोंद्याची पोरं, 'चिपाड'," पप्पा म्हणाले. "साखर कारखान्याच्या क्वार्टरमधी रेकॉर्ड केलंय म्हनून तू त्यांना कच्चं ठरवलंस. पन त्यांच्या शेवटच्या गान्याला तुझा चहा गार झाला. पाय बी हलला न्हाई तुझा. लहानपनी मी हार्मोनियम वाजवायचो, तवा तू तसा बसायचास. तोंड उघडं टाकून."

एडविनला हे ऐकून भरून आलं. आपल्याकडे इतकं निरखून बघणारं जगात दुसरं कुणी नाही, असं त्याला वाटलं.

"मग यंदाचं बक्षीस त्यांना?" त्याने विचारलं.

"माझं मत झालं. तुझं तू सांग. माझ्याकडं बघून सांगू नको."

एडविनने खिडकीकडे बघत विचार केला. मग पप्पांकडे वळला. "माझंही तेच."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मंडळाचं एकमत झालं.

वीज आली. स्पीकर अर्ध्या ओळीतून मोठ्याने ओरडला. एडविन दचकला, पप्पा शांत होते. त्याने ते गाणं बंद केलं आणि 'चिपाड'चं शेवटचं गाणं काढलं.

"आता काय लावतोस?" पप्पा म्हणाले. "झाला की निकाल."

एडविनने आपली खुर्ची ओढत नेऊन पप्पांच्या अगदी समोर मांडली. खिडकीचा पडदा पुरता बाजूला सारला, तोंडावर ऊन येईल असा बसला, पायातले मोजे काढून टाकले, आणि गाणं पहिल्यापासून लावलं.