तीस फूट खोल
करंजवाडीच्या डोंगरावर सात पंप एकदम सुरू झाले. दोन दिवसांचा पाऊस तासाभरात ओतायचा होता. उतार टिकला, तरच दरडीच्या भीतीनं रिकामी केलेली वाडी लोकांना परत मिळणार होती.

माती धरून ठेवायला डोंगरावर लावलेलं वाळ्याचं सगळं गवत सुगंधा खेडेकरनं रोपवाटिकेत वाढवलेलं. ती सरळ पायथ्याच्या आपल्या बंद घरापाशी गेली आणि ओट्यावर बसली.

"बाई, उठा तिथून!" भूगर्भ अधिकारी घोरपडे ओरडले.

"बसू द्या साहेब. मुळं माझ्या हातची आहेत."

मुळांना वाढायला लावणारं पेप्टाइडचं औषध डॉ. नाझनीन परकारांनी बनवलं होतं. पण पहिल्या वर्षी मुळं वरच्या मातीतच आडवी पसरली. सुगंधानं रोज एक रोप उपटून पाहिलं आणि शेवटी सांगितलं, "मॅडम, चौथं पान फुटेपर्यंत औषध नको. आधी मुळाला खालची वाट धरू दे." पुढच्या खेपेला मुळं तीस फूट खाली, कातळाच्या भेगांत शिरली.

तासाभरानं पंप थांबले. डोंगरावरून आलेलं पाणी घोरपड्यांनी ओंजळीत धरलं. ते नितळ होतं; माती जागची हलली नव्हती.

"अभिनंदन, परकार मॅडम!"

"आधी तिचं करा," नाझनीन म्हणाल्या.

घोरपडे ओट्यापाशी आले. "बाई, पलीकडचे दोन डोंगरही तुमच्याकडं देऊ का?"

"द्या की," सुगंधा ताठ मानेनं म्हणाली. "पण आधी आमच्या लोकांना निरोप धाडा. सामान बांधायला लागा म्हणावं."