दोन बोटं
वजन उतरवायच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, “एकशेदहावरून सत्तरवर याल. त्यापुढची आशा धरू नका.” ती शिंपीण, घरी येऊन हसली, “गिऱ्हाइकाला मीही आधी कमीच आशा दाखवते!” आणि साठ किलोच्या मापाचा निळा ड्रेस शिवून मोकळी झाली. दोन वर्षांत वजन सत्तरवर येऊन अडलं. ड्रेस काही चढेना. उतरलेले चाळीस तिनं कधी मोजलेच नाहीत. उरलेल्या दहापायी लेकीच्या लग्नातही मागच्या खोलीत बसून राहिली. काल तिचं हृदय थांबलं. “तिला निळाच घाल,” मावशी म्हणाली. “शिवण उसव. दोन बोटं माया असणारच आत, सैल करायला. सगळ्यांच्या कपड्यांत सोडायची, म्हणायची, माणसाच्या अंगाचा काय भरवसा!” लेकीनं आईच्याच कातरीनं काखेपासून कमरेपर्यंत टाके उसवले. “पुरेल का गं?” मावशीनं विचारलं. शिवणीच्या आत कापडच नव्हतं. आईनं ते दोऱ्यालगत कापून टाकलं होतं.