शेवटच्या रांगेतली मधली सीट

ऑफिसातली नवी मुलगी चहा आणायला गेली आणि दादांनी तिच्या मशीनवरची कोडची एक ओळ पुसली. एकच. तीही त्यांची स्वतःचीच, नऊ वर्षांपूर्वी लिहिलेली. आपल्याच झाडाचं फळ तोडलं तर त्याला चोरी म्हणत नाहीत, असं मनाशी म्हणत ते आपल्या खुर्चीत येऊन बसले. दहा मिनिटांत मोठ्या मॅडम येणार होत्या.

बसची तिकिटं विकणारी ती वेबसाइट. तिकीट काढणाऱ्याला पडद्यावर जे जे दिसतं, सीटचा नकाशा, तारखा, सवलती, ते सगळं दादांनी एकट्यानं उभं केलं होतं. काही बिघडलं की दादांच्या पट्ट्याला अडकवलेला ऑफिसचा फोन वाजे. जेवताना वाजे, दाढी करताना वाजे, लेकीच्या शाळेतल्या नाटकात ऐन तिच्या वाक्याला वाजे. दादा त्याला शिव्या घालत. पण दोन दिवस वाजला नाही, तर तिसऱ्या दिवशी बायकोच्या फोनवरून त्यावर रिंग देऊन बघत.

तीन महिन्यांपूर्वी ही मुलगी नोकरीला लागली आणि तिनं युनिट टेस्ट नावाचं प्रकरण आणलं. घरातून निघताना गॅस, नळ, कुलूप न चुकता बघणारी एखादी आत्या असते ना, तशी आत्या कोडला बसवायची. कोणी काही बदललं की आत्या घरभर फिरून येणार. ठीक असेल तिथे हिरवी खूण, नसेल तिथे लाल. त्यासाठी दादांच्या तीन हजार ओळींच्या एका फायलीचे तिनं चौदा तुकडे केले, प्रत्येक तुकडा वेगळा तपासता यावा म्हणून. भावाभावांत वाटण्या झाल्यासारखे दादा आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. मॅडम मात्र येता-जाता मुलीच्या खुर्चीमागे उभ्या राहून कौतुकानं बघू लागल्या. दादांच्या खुर्चीमागे त्या नऊ वर्षांत एकदाच उभ्या राहिल्या होत्या, तेही पंखा त्या बाजूला होता म्हणून.

तिच्या टेस्टचा फोल्डर दादांनी एकदाही उघडला नाही. सवतीच्या घरात कोण पाय ठेवतं? घरी मात्र रोज तिचीच गाऱ्हाणी. काहीही विचारते, सगळं वहीत लिहून घेते, विनोदाला हसत नाही. शेवटी बायको म्हणाली की इतकं ऐकून आता त्या मुलीला एकदा जेवायला बोलवावंसं वाटतंय.

विनोदाला न हसणं दादांना फार लागलं होतं. मेहुण्याच्या लग्नाचा किस्सा ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. बसच्या सगळ्या रांगांत चार सीट, फक्त शेवटच्या रांगेत पाच. त्या मधल्या पाचव्या सीटचा कोडला पत्ताच नव्हता, त्यामुळे विकली गेली तरी ती रिकामीच दिसे. एकदा ती एका पहिलवानानं आणि एका वकिलानं, दोघांनीही घेतली. फोन आला तेव्हा दादा मेहुण्याच्या लग्नात होते. हॉलच्या जिन्यात बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांनी ती एक ओळ लिहिली. तोवर लग्न लागलं. फोटोत सगळे आहेत, दादा नाहीत. इथे सगळे हसत. या मुलीनं विचारलं होतं, आधी तिकीट कोणी काढलं, वकिलानं की पहिलवानानं?

आज पुसलेली ओळ हीच. टेस्ट पटल्या तर आजपासून तो फोन बंद करू, असं मॅडम कालच म्हणाल्या होत्या. तेव्हा सगळ्या खुणा हिरव्या होऊ द्यायच्या आणि मग सहज सुचल्यासारखं म्हणायचं, की मॅडम, शेवटच्या रांगेतली मधली सीट दोनदा घेऊन बघा बरं.

मॅडम आल्या. मुलीनं बटण दाबलं. हिरव्या खुणा भराभर पडद्यावर चढत गेल्या. दादांनी चष्मा पुसला, घसा खाकरला.

दोनशे अकरा हिरव्या. एक लाल.

लाल ओळ मॅडमनी मोठ्यानं वाचली. "दादांच्या मेहुण्याचं लग्न: पहिलवानानं घेतलेली सीट वकिलाला रिकामी दिसू नये."

मुलीनं पडद्याकडे पाहिलं, मग दादांकडे पाहिलं. दादांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. त्यात पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मीच दादांना म्हटलं होतं," ती म्हणाली, "मला न सांगता एखादी ओळ काढून ठेवा. पकडली जाते का ते कळेल."

मॅडम उठल्या आणि दादांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा खांदा थोपटला. पंखा आज दुसऱ्या बाजूला होता.

मॅडम गेल्यावर मुलीनं चहाचा कप दादांपुढे ठेवला. तो गार झाला होता.

"दादा, तीन महिन्यांत एकदा तरी फोल्डर उघडाल असं वाटलं होतं मला."

दादांनी फोल्डर उघडला. 'दादांची अर्धी दाढी: सवलत दोनदा वजा होऊ नये.' 'लेकीचं नाटक: कालच्या तारखेचं तिकीट आज मिळू नये.' 'दादांचा ताप: नाव लांब असलं तरी तिकिटावर मावावं.' नऊ वर्षांत फोन कधी वाजला आणि दादा कुठून उठून गेले, ते सगळं तिथे होतं. तिनं आपलं म्हणून त्यात काहीच घातलं नव्हतं. गार चहा संपवत दादा खाली खाली वाचत गेले, आणि गेले तीन महिने आपण नक्की कोणावर जळत होतो ते त्यांना दोनशे बाराव्या ओळीला कळलं.