खाडीकाठचा टँकर

शिंपल्या वेचायला खाडीवर आलेली हिरुबाई जागीच थिजली. काठावर मेलेल्या माशांचा खच पडला होता. पुलाखाली एक टँकर जाड पाइपातून पिवळं पाणी खाडीत सोडत होता.

“मुडद्या, आमच्या पोटावर पाय देतोस?” हातातली पाटी फेकून ती धावली.

तोंडाला फडकं बांधलेला ड्रायव्हर वळला आणि तिचा उगारलेला हात तसाच राहिला. तो तिचाच मुलगा होता, भास्कर. कंपनीत गाडीवर लागलो, एवढंच त्यानं घरी सांगितलं होतं.

“तू? अरे, याच खाडीनं तुला वाढवलं!”

“हे घाण पाणी साफ करणं कंपनीला महाग पडतं, आये. आणि मासे मिळेनासे झाले, म्हणूनच तर ही नोकरी धरली.”

पिवळा फेस तिच्या पावलांकडे सरकला. भास्करनं घाबरून तिला मागं ओढलं.

“त्यात पाय घालू नको. कातडी सोलून निघेल.”