दोरीच्या पलीकडून

"विठाबाई, तुमच्या नायकाला नावच नाही," निलोफर मॅडम म्हणाल्या.

विठाबाईंनी हातातल्या कागदांकडे पाहिलं. गंगापूर रोडच्या वाचनालयात मॅडम शनिवारी दुपारी म्हाताऱ्या माणसांना गोष्ट लिहायला शिकवत. आज विठाबाईंची पाळी होती. सटाण्याच्या जत्रेत तंबूत लागलेला सिनेमा आणि तो बघायला गेलेलं नवं जोडपं, अशी त्यांची गोष्ट होती.

"तृतीयपुरुषी निवेदन छान जमलंय. पण सासरेही 'ते', दीरही 'ते' आणि तिकीट फाडणाराही 'ते'. वाचणाऱ्यानं नवरा कोणता समजायचा?"

"मी सांगते," शेजारी बसलेली नात योगिनी म्हणाली. ती आजीला स्कूटरवरून घेऊन आली होती. "आजोबांचं नाव..."

"तू गप गं!" विठाबाईंनी तिच्या मांडीवर चापट मारली. मग त्या मॅडमना म्हणाल्या, "दवाखान्यात नर्सनं विचारलं, तवाबी नाय घेतलं मी. केसपेपर पुढं केला."

"मग दुसरं कुठलंही ठेवा. अमोल ठेवा. शेवटी गोष्टच आहे."

"अमोल?" विठाबाईंनी चष्मा काढला. "म्हंजी परक्या माणसासंग सिनेमाला जाऊ का मी?"

"जा की! आता कोण विचारतंय?" एसटीतून निवृत्त झालेले सरफराजभाई मागून म्हणाले. सगळा वर्ग हसला.

मॅडमही हसल्या. "बरं, मला हे सांगा. ही गोष्ट लिहिण्यामागे तुमचा हेतू काय?"

विठाबाईंची नजर योगिनीकडे गेली. पोरगी जन्मली त्याआधीच ते गेले होते. घरात एक फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला. त्यातला फेटा ओळखू येई, माणूस येत नसे. या पोरीला आपला आजा कळावा एवढ्यासाठी त्यांनी आठवडाभर खाडाखोड केली होती. आणि इथेही ते गर्दीतच राहिले. त्यांनी कागदांची घडी घालायला घेतली.

"ऱ्हाऊ द्या मॅडम. मला नाय जमायचं."

"थांबा. तुम्ही 'मी' म्हणून सांगा. मग त्यांना 'हे' म्हटलं तरी चालेल."

"मंग ती माझी गोष्ट व्हईल. मला त्यांची पायजे."

मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. "मग त्यांनाच 'मी' म्हणू द्या ना. माणूस स्वतःचं नाव कशाला घेईल?"

विठाबाई विचारात पडल्या. जन्मभर त्या बोलल्या होत्या आणि नवऱ्यानं नुसता हुंकार दिला होता. त्यांनी कागद पालथे ठेवले, डोळे मिटले. बोलायला लागल्या तेव्हा आवाज थोडा खाली उतरला होता.

"मी गडीमाणसांत बसलो व्हतो. मधी दोरी बांधेल व्हती, दोरीवर कापड. पलीकडं बाया. आमची मंडळी आईच्या शेजारी. वाऱ्यानं कापड सरकलं की दिसायची. हिरवं लुगडं, अन् पदर एवढा पुढं की तिला काय दिसतंय कुणास ठाऊक. थंडी लय व्हती. वाटलं, आपली घोंगडी तिकडं धाडावी. पण भाऊबंद हसतील. मागचा एक जण खेकसला, 'तिकडे काय देखस? पुढे देख!' म्हणून पुढं बघितलं. मंग पुन्हा वारा आला."

त्या थांबल्या. सरफराजभाई खिशात रुमाल शोधत होते.

योगिनी आजीकडे वळली. मग म्हणाली, "आजी, आधीच्या गोष्टीत सिनेमातला राजा होता, घोडा होता, तलवारबाजी होती. ते सगळं कुठं गेलं?"

"ते त्यांनी बघितलंच नाय."

"आणि ते तुझ्याकडं बघत होते, हे तुला कसं कळलं?"

विठाबाईंनी पदर नीट केला. "कापड सरकलं की दोन्हीकडचं दिसतं बाई."

"मग सिनेमा बघितला कोणी?"

"सासूबाईंनी," विठाबाई म्हणाल्या. "पुढं आठवडाभर कांदे निवडताना आम्हाला सांगत व्हत्या."